पावसानं ओढ दिली की देवावर भार कसा टाकायचा

मृग कोरडा गेला, आर्द्रात एक सडा पडला आणि पुन्हा ऊन तापलं. बियाणं घरात येऊन पडलंय, पीककर्जाची फाइल बँकेत आहे आणि वसरीवर बसलेला माणूस घटकेत आभाळाकडे बघतो, घटकेत मोबाइलकडे. "पांडुरंगावर भार टाका" असं येणारा-जाणारा सांगून जातो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. भार टाकायचा तो फळाचा, कामाचा नव्हे. आणि तो टाकायला ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि थोडी सवय लागते. सवय नसेल तर ऐन संकटात डोळे मिटले तरी आत सावकाराचाच आकडा फिरतो.

इथं मुख्यतः पावसाच्या खंडाचं उदाहरण धरलं आहे, कारण मराठवाड्यात वाट बघणं म्हटलं की पहिलं तेच. दवाखान्यातली किंवा निकालाची वाट बघतानाही रीत हीच, थोडा फरक पडतो तो पुढे येईल.

आधी वही

पोरांची जुनी वही चालेल. पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "आपलं" लिहा, उजवीकडे "पांडुरंगाचं". तुमच्या घरात ज्याचं नाव घेतात त्याचं लिहा: तुळजाभवानी, वैजनाथ, अल्लाह, वाहेगुरू, येशू. रीत बदलत नाही.

मनात जे जे टोचतंय ते एकेका ओळीत या दोन रकान्यांत टाका. पाऊस कधी येईल, सोयाबीनला भाव काय लागेल, ढग आपल्या महसूल मंडळावर थांबतील का, हे उजवीकडे. डावीकडे काय येतं ते मात्र नीट बघा, कारण घाबरलेल्या माणसाला डावा रकाना रिकामाच वाटतो. तो रिकामा नसतो.

घरचं सोयाबीन पेरणार असाल तर उगवण तपासणी डावीकडे. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. पाच ते सात दिवसांत सत्तर दाणे चांगले उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवायचं. पाऊस मोजणंही डावीकडेच. उभ्या सरळ कडांचा डबा उघड्या जागी ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा आणि आकडा वहीत लिहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला वर्षानुवर्षं तोच आहे. पहिल्या सरीवर तिफण धरणारा माणूस देवावर भरवसा ठेवत नसतो, जुगार खेळत असतो. आणि दुबार पेरणी आली की दोष मात्र देवाला.

पेरणी झाल्यावर पाऊस उघडला असेल तर कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणं, डावीकडे. "एक कोळपणी, अर्धं पाणी" असं जुनी माणसं उगीच म्हणत नाहीत. वरची भुसभुशीत माती भेगा बुजवते, ओल उडू देत नाही आणि तण पाणी पीत नाही. खंड लांबला तर दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) घेऊन फवारणी करता येते.

काही गोष्टी दोन्ही रकान्यांत बसतात, आणि तिथंच झोप उडते. दुबार पेरणी त्यातलीच. पाऊस येणं त्याच्याकडे, पण किती तारखेपर्यंत थांबायचं हे आपल्याकडे. ती तारीख आजच, डोकं थंड असताना लिहून टाका. मूग-उडदाला जुलैचा पहिला आठवडा, सोयाबीनला १५ जुलै. त्यानंतर बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी यांकडे वळायचं. तारीख लिहिली की रोज नव्यानं तोच निर्णय घ्यावा लागत नाही. निम्मी धाकधूक तिथंच उतरते.

एक नियम कडक पाळा. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि करणाऱ्याचं नाव लिहायचं. उजवीकडच्या ओळीपुढे तारीख लिहायची नाही. "सोमवारपर्यंत पाऊस पाड" ही प्रार्थना राहत नाही, नोटीस होते, आणि मंगळवारी तुम्ही फिर्यादी होऊन बसता.

पंधरा मिनिटांची बैठक

दिवसातून दोनदा बसायचं: सकाळी कामाला लागायच्या आधी आणि दिवेलागणीला. जागा रोज तीच. चटई किंवा घोंगडी अंथरा. कंबर दुखत असेल तर भिंतीला टेका, मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा. बाजेवर मात्र बसू नका, झोप लागते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. शेजारी पालथा ठेवला तरी मन त्याच्यावरच राहतं.

हातपाय धुवा, दिवा लावा, बसा. पहिले दहा श्वास मोजून घ्या. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. सोडलेला श्वास लांब झाला की छातीतली धडधड उतरते. हे केल्याशिवाय माळ हातात घेतली तर ती मोटारीच्या वेगानं फिरते.

मग उजव्या रकान्यातली सगळ्यात जड ओळ एकदाच, एका वाक्यात देवाला सांगा. "पाऊस तुझा, कोळपं माझं." एवढंच. समजावून सांगत बसू नका, कारणं देऊ नका, जुनी पुण्याई मोजून दाखवू नका. एकदा सांगितलं की त्या बैठकीत तो विषय पुन्हा काढायचा नाही.

आता एक माळ. तुळशीची माळ १०८ मण्यांची. ती मधल्या बोटावर धरून अंगठ्यानं एकेक मणी आत ओढतात, तर्जनी लावत नाहीत. एका मण्याला एकदा "रामकृष्णहरी". एका नामाला तीन सेकंद धरले तर माळ साडेपाच मिनिटांत होते. दोन मिनिटांत संपली असेल तर तुम्ही मणी मोजलेत, नाम घेतलं नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, दुसरी माळ करायची असेल तर उलटून मागं फिरायचं.

माळ ठेवली की पाच मिनिटं नुसतं बसायचं. अवघड भाग हाच. रिकामं बसलं की हप्ता, व्याज, शेजाऱ्याचं बोलणं असं सगळं गोळा होतं. त्याच्याशी भांडायला गेलं तर ते वाढतं. म्हणून मनाला धरायला काहीतरी द्यायचं. वारकऱ्यांकडे त्याची सोपी सोय आहे: विटेवरच्या मूर्तीचं ध्यान, खालून वर. आधी वीट, मग जोडलेले पाय, मग गुडघे, कमरेवरचे हात, गळ्यातला तुळशीहार, शेवटी मुख. मधे विचार आला की पुन्हा पायांपाशी. पाच मिनिटांत वीस वेळा पायांपाशी यावं लागलं तरी बैठक वाया गेली असं नाही. परत येणं हाच त्यातला सराव.

नमस्कार केल्यावर लगेच उठून जाऊ नका. वहीचा डावा रकाना वाचा आणि आजचं पहिलं काम ठरवा. हे राहिलं तर बैठक म्हणजे नुसता विरंगुळा होतो.

बैठकीत काय बिघडतं तेही बघू. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा किंवा उभं राहून नाम घ्या. रडू आलं तर येऊ द्या, माळ तेवढी थांबवू नका. देवाचा राग आला असेल तर तोही बोलून दाखवा. गंगाखेडच्या जनाबाईनं विठ्ठलाला चार लोकांत म्हणता येणार नाहीत असे शब्द ऐकवले आहेत आणि ते अभंग आजही टाळ-मृदंगावर गातात. तोंडदेखल्या शांतीपेक्षा खरा राग बरा. आणि आठ दिवस बसूनही काहीच वाटलं नाही, तर काही वाटावं म्हणून बसायचं नसतंच. वाट बघण्याचे तास एकमेकांत कालवून जाऊ नयेत, दिवसाला दोन खुंट्या असाव्यात, म्हणून बसायचं.

संध्याकाळचा हरिपाठ

गावात हरिपाठ होत असेल तर संध्याकाळची बैठक घरी करण्यापेक्षा देवळात जाणं चांगलं. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे अभंग सत्तावीस, काही छापील प्रतींत फलश्रुती धरून अठ्ठावीस. एकट्यानं सावकाश वाचले तर वीस मिनिटांच्या आत-बाहेर होतात, टाळ-मृदंगावर तासभरही लागतो. चाल येत नसेल तर मागच्या रांगेत टाळी वाजवत उभं राहिलं तरी चालतं, कुणी विचारत नाही. संकटातला माणूस पहिल्यांदा गावचा पार सोडतो, मग देऊळ सोडतो, मग बोलणं सोडतो. हरिपाठामुळे निदान रोज एकदा चार माणसांच्या खांद्याला खांदा लागतो.

घरीच वाचणार असाल आणि जीव थकलेला असेल तर रोज तीनच अभंग घ्या, नऊ दिवसांत पाठ पूर्ण होतो. वाचता येत नसेल तर मोबाइलवर ऐका, पण फ्लाइट मोडवर टाकून. नाहीतर अभंगाच्या मधेच कुणीतरी ढगांचा व्हिडिओ पाठवतो.

काम चालू असताना

स्वस्थ राहणं म्हणजे हालचाल बंद करणं असं कुणी समजत असेल तर पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट आठवावी. गोदावरीवरून स्नान करून येताना एक जण अंगावर थुंकतो, महाराज परत नदीवर जातात, पुन्हा थुंकतो, पुन्हा जातात. कीर्तनात या गोष्टीतली सहनशीलता सांगतात. तिच्यात कामाची गोष्टही आहे. नाथ तिथं डोळे मिटून उभे राहिले नाहीत. दर वेळी आपलं स्नान त्यांनी पुन्हा केलं. समोरच्याचं वागणं उजव्या रकान्यातलं, स्नान डाव्या.

कोळपताना, भाकरी थापताना, म्हशीची धार काढताना नाम चालतं आणि चांगलं चालतं, कारण हाताला ठेका असतो. जिथं धोका आहे तिथं मात्र नाही. तेरच्या गोरोबाकाकांची चिखल तुडवतानाची गोष्ट घराघरांत ठाऊक आहे. मळणीयंत्र, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, फवारणीचा पंप यांच्यापाशी लक्ष हातावरच हवं. तंद्री देवळात.

बातम्यांचं कुंपण

शांती सगळ्यात जास्त नासवतो तो अंदाज. एकाच दिवशी चार जणांचे चार अंदाज फिरतात आणि प्रत्येकामागं मन खाली-वर होतं. हवामान दिवसातून दोनदाच बघा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या बैठकीआधी. परभणीहून कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, शेतीचा निर्णय त्यावर घ्या. बाकीचे ग्रुप म्यूट करा. कुणी वाईट मानत नाही, निम्म्या लोकांनी तुमचा केलेलाच असतो.

शेजारच्या मंडळात कोसळला आणि आपल्याकडे धूळ, असं दर साली होतं. पावसाळी ढग तुकड्या-तुकड्यानं बरसतो. त्यात तुमच्या भक्तीचं मोजमाप नाही. "आपल्याच हातून काहीतरी चुकलं असेल" हा विचार आला की वही उघडा. चुकलं असेल तर ते डावीकडे लिहिण्यासारखं असेल, जसं बी खोल पडलं किंवा पेरणीची घाई झाली. लिहिता येत नसेल तर तो नुसता धसका आहे.

नवस बोलताना

नवस बोलायला हरकत नाही, पण घाईत बोलू नका. रात्री अकरा वाजता, भांडण झाल्यावर, दवाखान्याच्या दारात बोललेले नवस पुढं अंगावर येतात. कंदुरी तर बोलूच नका. बकरं, तांदूळ, मंडप आणि जेवायला अख्खी भावकी. देवाचं देणं फिटतं आणि दुकानदाराचं उभं राहतं. उसन्या पैशाचा नवस म्हणजे भार टाकणं नव्हे, भार वाढवणं.

देहाचा आणि वेळेचा नवस बोला. पायी एक वारी, वर्षभराच्या एकादशा, सप्ताहात वीण्याचा पहारा. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, माणसं आळीपाळीनं ती गळ्यात घेऊन उभी राहतात. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही आणि झोप न येणाऱ्याला नेमकी तीच वेळ जड जाते. तो पहारा मागून घ्या. नवरा-बायकोनं एकमेकांना विचारूनच बोलावं आणि वहीत लिहावं, म्हणजे पुढं आकडा फुगत नाही.

एकादशी धरायची तर पाणी भरपूर प्या आणि द्वादशीला वेळेवर पारणं सोडा. दोन ताटल्या साबुदाणा आणि वर शेंगदाण्याची आमटी याला उपवास म्हणायचं तर भाकरी काय वाईट होती? शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी, गरोदर बाईनं, आजारातून उठलेल्यानं उपास धरू नये. नाम पुरतं. आणि उपाशी पोटी फवारणी कधीच नाही.

"कोप आहे, बाधा आहे, एवढे द्या, मोकळं करतो" म्हणणारा माणूस अशाच दिवसांत दारात येतो. दैवी शक्तीच्या नावानं भीती घालून पैसे काढणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. चहा पाजून वाटेला लावा, जास्त ताणलं तर पोलिसांत कळवा.

घरात बोलायचं कसं

पैशाचं बोलणं रात्री अंथरुणावर काढायचं नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर वही मधे ठेवून वीस मिनिटं, मग बंद. पोरांपासून लपवायचं नाही आणि त्यांच्या डोक्यावर ओतायचंही नाही. "आवंदा पाऊस कमी आहे, नवी सायकल पुढच्या साली" एवढं त्यांना समजतं.

दुसऱ्याच्या घरी गेलात तर "देव परीक्षा बघतो" हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवा. ज्याचं पीक करपलंय त्याला परीक्षा नको असते. "अण्णा, उद्या बैल घेऊन कोळपायला येतो", "वहिनी, आठ दिवस पोरांची भाकर आमच्याकडे", हे बोला. आजी "विठ्ठल बघून घेईल" म्हणाली तर तिला म्हणू द्या, तिनं बाहत्तरचा दुष्काळ काढलाय.

ऊसतोडीला कोयता घेऊन माणसं गेली असतील तर मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी फोनची एकच वेळ ठरवावी, रात्रीची. ती ठरलेली नसली की दिवसभर प्रत्येक रिंगला काळजात धस्स होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट. दोन आठवड्यांवर झोप उडालेली, जेवण तुटलेलं, दारू वाढलेली, "माझ्यामागं तुमचं बरं होईल" असं बोलणं, किंवा अचानक हिशेब मिटवून वस्तू वाटून टाकणं: यातलं काही दिसलं तर नुसत्या माळेवर थांबू नका. त्या माणसाला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. एकटं सोडू नका. कीटकनाशकं कुलपात घालून किल्ली दुसऱ्या घरी ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. गोळी चालू असताना नामही चालतं, दोघांचं भांडण नाही.

दवाखान्यात आणि इतरत्र

आयसीयूबाहेरची वाट पावसाच्या उलट असते. इथं करण्यासारखं फार थोडं, आणि तास फार मोठे. तरी डावा रकाना आहेच. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा काय विचारायचं ते तीन प्रश्न लिहून ठेवा, नाहीतर समोर आले की तोंडातून शब्द फुटत नाही. कागद, रिपोर्ट, आधार कार्ड एकाच पिशवीत. थांबणाऱ्यांच्या पाळ्या लावा. एकच माणूस तीन रात्री बसला की चौथ्या दिवशी त्यालाच सलाइन लागतं. माळ घरी राहिली असेल तर चार बोटांची बारा पेरं अंगठ्यानं मोजा, नऊ वेळा मोजली की १०८ होतात. नाम मनातल्या मनात घ्या, शेजारच्या बाकावरचा माणूसही कुणाचीतरी वाट बघत बसलेला असतो. पाच मिनिटं नुसतं बसणं इथं जमत नसेल तर सोडून द्या आणि जिन्यावरून दोन चकरा मारा.

नोकरभरतीच्या निकालाला दुबार पेरणीसारखाच तारखेचा नियम लागतो. किती वर्षं आणि किती परीक्षा द्यायच्या हे आपल्याकडे, ते आधी लिहा. कोर्टाच्या तारखांना वही लागते ती वकिलाच्या कामांची. तिथं उजवा रकाना फार मोठा करू नका, कागद वेळेत गेला नाही तर पांडुरंग काही करत नाही.

पाऊस आला, माणूस घरी आला, किंवा काहीच मनासारखं झालं नाही, तरी त्या दिवशीची बैठक करायची. वाईट बातमीच्या दिवशी फक्त श्वास आणि एक माळ, ध्यानाचा हट्ट नको. बोललेला नवस वर्षाच्या आत फेडा. तुळजापूरचा असेल तर मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा, दर्शनही नीट होतं आणि खर्चही कमी येतो. एसटीच्या तिकिटालाही पैसे नसतील तर रोज दहा रुपये डब्यात टाकत चला आणि डब्यावर काय फेडायचं ते लिहून ठेवा, म्हणजे अडीनडीला कुणी त्यात हात घालणार नाही.